आमच्या जीपचे प्रेशर

मैत्रिणींनो, प्रेशर हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी निम्म्या जणींना कुकर आठवतो आणि उरलेल्यांना सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मी आज तिसऱ्याच प्रेशरविषयी लिहिणार आहे. ते असते मोटारीच्या इंजिनातल्या तेलाचे. लगेच पान उलटू नका! हा विषय पुरुषांचा, असे तुम्ही म्हणाल. असेलही. पण गॅरेजचे बिल ज्या डब्यातल्या पैशांतून भागते तो डबा बहुतेक घरांत आपल्याच ताब्यात असतो, आणि जुन्या गाडीचे ऑइल प्रेशर कमी झाले की त्या डब्याचा तळ दिसायला वेळ लागत नाही.

आम्ही राहतो सावलीला. चंद्रपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. वैनगंगा ओलांडली की पलीकडे गडचिरोली. १९८२ साली गडचिरोलीचा जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत सगळे एकाच जिल्ह्यात होते. आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली १९६९ सालची एक जीप उभी असते. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती १९८५ साली सरकारी लिलावात घेतली. विलीज या अमेरिकन कंपनीच्या नमुन्यावर महिंद्रांनी आपल्याकडे ज्या जीपा बांधल्या, त्यांतली ही एक. इंजिनाचे नाव हरिकेन. चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सी.सी.चे, आणि पेट्रोलवर चालणारे. पुढे बहुतेकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले, कारण पेट्रोल परवडेना. मामाजींनी मात्र मूळचे इंजिन बदलू दिले नाही. या जीपमधून धानाची पोती गेली, नणंदेची पाठवण झाली, आणि शेजारच्या दोन बायकांना अवघड वेळी दवाखान्यात नेले तेही हिच्यातूनच. त्यातल्या एकीचा मुलगा आता माझ्या वर्गात आहे आणि शुद्धलेखनात वर्गात सर्वांत मागे आहे, पण तो विषय वेगळा.

'एवढी जुनी गाडी रस्त्यावर चालते तरी कशी?' असे मला पुष्कळ जणी विचारतात. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, ते आम्ही करतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही २०२१ सालापासून निघाली आहे. पण ती घेतली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शनाला आणि मिरवणुकीलाच न्यायची. आमची जीप तर अजून शेतावर जाते. मखरात बसवायला तिला वेळ कुठे आहे?

आता मुद्द्याचे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही पाथरीहून परत येत होतो. तिथला आसोलामेंढ्याचा तलाव आमच्या मुलीला फार आवडतो, म्हणून तिकडे काम निघाले की तिला बरोबर नेतो. हे गाडी चालवत होते आणि मी शेजारी. जीपच्या पुढच्या पाटीवर ज्या गोल तबकड्या असतात त्यांतली एक ऑइल प्रेशरची. तिच्यातला काटा रस्त्यावर नेहमी पस्तीस-चाळीस पौंड दाखवायचा. त्या दिवशी तो अठरावर होता. एका वळणावर बैलगाडीसाठी थांबलो तेव्हा पाचाच्याही खाली गेला. दिवस मावळत होता, दोन्हीकडे जंगल. आमच्या भागात वाघ ही काही गोष्टीतली वस्तू नाही. मोहफुले वेचायला गेलेली, सरपणाला गेलेली माणसे परत न आल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो, त्यांतली काही नावे ओळखीची असतात. अशा रस्त्यावर संध्याकाळी गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कदाचित सांगावे लागेल, आमच्याकडे सांगावे लागत नाही. आम्ही हळूहळू घरी आलो. कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी गाडी मोठ्या गावातल्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने इंजिन दोन मिनिटे चालवून ऐकले, काट्याकडे पाहिले आणि सांगितले, "फुल इंजिन करावे लागेल. पासष्ट हजार धरून चाला." काहीही उघडून पाहिले नाही.

हे पासष्ट हजार ऐकून माझ्या पोटात गोळा का आला ते सांगते. मी बी.ए. आहे, इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत. कायम व्हायचे तर आधी बी.एड. हवे, आणि ते २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. त्यासाठी मी चार वर्षे पोस्टात आवर्ती ठेव ठेवली होती. ती नेमकी सत्तर हजारांच्या आसपास आली होती. घरात एवढी रोकड दुसरी नव्हती. यांचे म्हणणे सरळ होते, "भंगारात देऊन टाकू. तुझे पैसे तुझ्याकडे राहतील." मामाजी काहीच म्हणाले नाहीत. फक्त जेवताना बोलेनासे झाले आणि संध्याकाळी शेडखाली खुर्ची टाकून बसू लागले. सांगा, अशा वेळी सुनेने काय करायचे?

मी म्हटले, डॉक्टरसुद्धा ऑपरेशन सांगण्याआधी रक्त तपासतात. या इंजिनाचेही काही तपासता येत असेलच ना?

गावातच एक म्हातारे मिस्त्री आहेत. हल्ली ते धानाच्या गिरणीची इंजिने पाहतात, पण तरुणपणी त्यांचे हात जीपांवरच बसलेले. ते आले आणि पहिलेच वाक्य बोलले, "बाई, काटा खरा बोलते का खोटा, थे आधी पाहू." एवढे ऐकून मला निम्मे बरे वाटले. त्यांनी तीन दिवसांत मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगते, कारण तुमच्याही दारात जुनी जीप, अँबॅसडर किंवा पद्मिनी उभी असेल.

इंजिनात धातूचे भाग एकमेकांवर मिनिटाला हजारो वेळा फिरतात. ते एकमेकांना भिडले तर काही मिनिटांत जळतील. म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा थर राखायचा असतो. खाली तेलाचे भांडे असते, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. तिथून पंप तेल ओढतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट माणसाच्या केसाहून बारीक असते. आता गंमत अशी की प्रेशर पंप तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. पुढची वाट अरुंद असते म्हणून प्रेशर तयार होते. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, अंगठा काढला की तिथेच पडते, तसे. बेअरिंग झिजून फट वाढली की अंगठा काढल्यासारखे होते आणि काटा खाली येतो. गॅरेजवाल्याने झिजलेले बेअरिंग गृहीत धरूनच पासष्ट हजार सांगितले होते.

पण काटा खाली यायला तेवढे एकच कारण नसते. तेल पातळ झाले तरी ते त्याच फटीतून भराभर निसटते. भांड्यात तेलच कमी असेल तर पंप हवा ओढतो. पंपाच्या तोंडची जाळी गाळाने भरली तर तेल वर चढत नाही. आणि कधी कधी सगळे ठीक असते, फक्त काटा बिघडलेला असतो. यांतले बेअरिंगचे काम सर्वांत महाग, बाकीची बहुतेक काही रुपयांची किंवा काही तासांची. म्हणून आधी स्वस्तातले पाहून घ्यावे. भाजी कडू लागली तर आपण आधी काकडीचा तुकडा चाखतो, गॅसची शेगडी बदलत नाही!

किती प्रेशर असावे, हेही विचारून घेतले. जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशेब असा की इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर दहा पौंड पुरेत, दोन हजारांना वीस, तीन हजारांना तीस. तुमच्या कुकरमध्ये शिट्टी होण्याच्या सुमारास पंधरा पौंडांच्या आसपास दाब असतो, त्यावरून अंदाज घ्या. सकाळी थंड इंजिनाला काटा जास्त दाखवतो, कारण तेल घट्ट असते. खरा आकडा गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालून तापल्यावरचा. आणि ज्या गाड्यांत काटा नसून फक्त लाल दिवा असतो, जसा पद्मिनीत असायचा, त्या दिव्यावर फार विसंबू नका. तो लागतो पाच-सात पौंडांच्या खाली गेल्यावर. म्हणजे घरात धूर भरल्यावर 'आग' म्हणून ओरडणाऱ्या माणसासारखा. चालत्या गाडीत तो लागला आणि विझला नाही, किंवा काटा शून्यावर आला, तर इंजिन ताबडतोब बंद करायचे. 'घर दोन किलोमीटरवरच आहे' हा हिशेब तेव्हा चालत नाही.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी काटाच तपासला. आमच्या जीपमध्ये इंजिनापासून तबकडीपर्यंत एक बारीक तांब्याची नळी येते आणि तिच्यातून तेलाचा दाब काट्याला कळतो. ती चेमटली किंवा तिच्यात कचरा बसला की काटा खोटे बोलतो. त्यांनी आपल्या पेटीतला दुसरा गेज इंजिनाला थेट जोडला. आकडा तोच. म्हणजे काटा खरा होता. यांनी माझ्याकडे 'झाले ना समाधान?' अशा नजरेने पाहिले.

मग तेलाची पट्टी काढली. ही पट्टी बहुतेक गाड्यांना असते. ती ओढून पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि तेल कोणत्या खुणेपर्यंत आहे ते पाहायचे. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली हवीत. पुसायला मी घरातली चिंधी आणली तर मिस्त्रींनी ती परत केली. सावली हे खादीचे जुने गाव. १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन इथे भरले होते आणि स्वतः गांधीजी आले होते. त्यामुळे आमच्याकडे विरलेल्या खादीच्या चिंध्यांना तोटा नाही. पण विरलेल्या कापडाचे तंतू पट्टीला चिकटून तेलात जातात. शेवटी मुलीच्या जुन्या सुती झबल्याने काम भागवले.

तेल कमी असेल असे सर्वांना वाटत होते. निघाले उलटेच. वरच्या खुणेच्या पुष्कळ वर! हे म्हणाले, "तेल भरपूर आहे, म्हणजे दोष बेअरिंगचाच." मला मात्र ते पटेना. महिनाभरात कोणी तेल घातले नव्हते, हे माझ्या वहीवरून पक्के होते. माझ्या हिशेबाच्या वहीत दुधापासून खिळ्यांपर्यंत सगळे असते. आता तुम्हीच सांगा, सकाळी एक लिटर घेतलेले दूध दुपारी सव्वा लिटर भरले तर तुम्ही काय समजाल? गवळ्याला शाबासकी द्याल का?

मी मिस्त्रींना म्हटले, "भाऊ, न घालता वाढलेय म्हणजे यात कशाची तरी भेसळ आहे." ते हसले. पट्टी नाकाशी नेली, मग माझ्याकडे दिली. पेट्रोलचा स्पष्ट वास. "थे पाहा, तेल तं पातर झालं," ते म्हणाले. आमच्याकडच्या झाडीबोलीत पातळचे 'पातर' होते. दोन बोटांत चोळले तर तेल पाण्यासारखे सरकत होते.

खात्री करायची म्हणून मी शाळेतून टीपकागद आणला. टीपकागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो रात्रभर आडवा ठेवायचा. जुने पण चांगले तेल एकसारखे पसरते. त्यात गाळ फार असला तर मधे काळा ठिपका घट्ट बसून राहतो. आणि पेट्रोल मिसळले असेल तर काळ्या डागाच्या बाहेर फिकट, रुंद वलय उठते. सकाळी आमच्या कागदावर वलय होते. (वास खात्रीचा नाही म्हणून काडी ओढून पाहण्याचा प्रयोग काही पुरुष करतात. तो करू देऊ नका. पेट्रोल मिसळलेल्या तेलाची वाफ भांडेभर साठलेली असते.)

त्याच रात्री वही पुन्हा उघडली. पेट्रोलच्या नोंदी आणि किलोमीटर शेजारी शेजारी मांडले. दिवाळीपर्यंत जीप लिटरला साधारण नऊ किलोमीटर जात होती, माघात आठ आणि आता सातही नाही. यांना वाटले पंपवाला मापात मारतो. पण पेट्रोल कुठे मुरत होते ते आता दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिनाच्या बगलेचा 'एसी पंप' उघडला. हे नाव ऐकून थंड हवेचा पंप समजू नका. टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणाऱ्या पंपाला आपल्याकडचे मिस्त्री लोक पिढ्यान्पिढ्या एसी पंप म्हणत आले आहेत. त्याच्या पोटात रबरी कापडाचा एक गोल पडदा असतो, तो वर-खाली होऊन पेट्रोल ओढतो. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल आणि दुसऱ्या अंगाला इंजिन. आमचा पडदा कडेला चिरला होता. इंजिन चालू असताना दर ठोक्याला थोडे पेट्रोल चिरेतून खाली तेलात पडत होते.

एवढे जुने रबर चिरणारच, त्यात नवल काय? पण मिस्त्री म्हणाले की अलीकडे असे पडदे त्यांच्याकडे जास्त येतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून होते, मक्यापासून होते, आणि गोदामातल्या तांदळापासूनसुद्धा, म्हणजे कदाचित आमच्या धानाचाही त्यात वाटा असेल. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. काही रबर त्यात फुगते, काही कडक होते. जुन्या गाड्यांची काही रबरे आणि गास्केटे बदलावी लागतील, हे सरकारनेही म्हटले आहे. तेव्हा जुनी पेट्रोलची गाडी असेल तर एसी पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. आमचा संच साडेचारशे रुपयांत आला.

इथे गोष्ट संपली असती तर मी एवढे लिहिले नसते. मिस्त्री म्हणाले, पातळ तेलावर गाडी किती दिवस चालली कोण जाणे, खाली चेंबर उघडून पाहू. सगळे तेल काढले. ते आम्ही बांधावर ओतले नाही, डब्यात भरून ठेवले. विहिरीजवळ असले तेल मुरले तर ते पाणी कायमचे गेले. चेंबर खाली घेतल्यावर मला या इंजिनातली एक हुशारी पाहायला मिळाली. तेल ओढणारी जाळी एका पोकळ डबीवर तेलात तरंगते, म्हणजे तळाचा गाळ न घेता वरचे स्वच्छ तेल घेते. आपण वरण निवळल्यावर वरचे पाणी अलगद घेतो ना, तसे. पण आमच्या जाळीलाच काळा, लोण्यासारखा घट्ट थर बसला होता. या जुन्या जीपचा फिल्टर सगळे तेल गाळत नाही, एका बाजूने थोडे थोडेच गाळतो. म्हणून हिच्यात तेल वेळेवर बदलावे लागते, तीन हजार किलोमीटर झाले की. जाळी रॉकेलमध्ये धुतली. रॉकेल कुठून आणले ते विचारू नका, सासूबाईंच्या माळ्यावर अजून काय काय आहे ते देवालाच माहीत.

मग निघाली खरी गंमत. ऑइल पंपावर एक स्प्रिंग असते. प्रेशर ठरावीक आकड्याच्या वर गेले की ती दबते आणि जास्तीचे तेल परत भांड्यात सोडते, आपल्या कुकरच्या शिट्टीचेच काम. त्या स्प्रिंगमागे पातळ चकत्या घालून प्रेशर वाढवता येते. आमच्या स्प्रिंगमागे चार चकत्या निघाल्या, आणि त्यांतल्या दोन साध्या वायसरांच्या, घरी कापलेल्या. पूर्वी कधीतरी कोणीतरी काटा वर दिसावा म्हणून त्या घातल्या असाव्यात. मामाजींना हे आवडले नाही. "एवढी वर्षे मी चाळीस चाळीस म्हणत होतो," ते म्हणाले आणि बराच वेळ त्या चकत्या तळहातावर घेऊन पाहत राहिले.

ही युक्ती गाडी विकताना सर्रास होते, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. स्प्रिंग घट्ट केली तर फक्त वरची मर्यादा वाढते. सकाळी थंड इंजिनावर, जोरात रेस केल्यावर आकडा भरघोस दिसतो. पण तापलेले इंजिन मंद चालीवर काय दाखवते, ते तिच्या हातात नसते. तेव्हा गाडी पाहायला जाल तर ती आधी अर्धा तास फिरवा आणि मग उभी करून काटा पाहा. आदल्या रात्री दाट तेल भरून ठेवण्याचाही प्रकार चालतो, पण तापल्यावर तोही बराचसा उघडा पडतो.

तेलाच्या दाटपणाविषयी एक वाक्य सांगायचेच आहे. डब्यावर २० डब्ल्यू ५० असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापल्यानंतरच्या दाटपणाचा. नव्या गाड्यांना शून्य डब्ल्यू २०, ५ डब्ल्यू ३० अशी पातळ तेले लागतात, कारण त्यांच्या फटी फार बारीक असतात. दुकानदार 'महाग म्हणजे चांगले' म्हणून तेच तेल जुन्या जीपला देऊ पाहतो. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे जुन्या इंजिनाला ते पुरायचे नाही. आमच्या मिस्त्रींनी २० डब्ल्यू ५० घातले. सुमारे चार लिटर बसले.

बेअरिंगचे काय, ते राहिलेच. काढलेले तेल मिस्त्रींनी पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरले. बेअरिंग खात असेल तर तेलात चांदीसारखी चमकी दिसते. आमच्या तेलात थोडी होती, फार नाही. एक बेअरिंग उघडून पाहिले तेव्हा त्यावर बारीक ओरखडे होते. "झिजली तं आहे," ते म्हणाले, "पन आज मरत नाई." तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा असता तर पाणी शिरले, हेड गास्केट गेले, असे समजायचे. इंजिनातून खालच्या अंगाने ठकठक ऐकू येत असती आणि प्रेशरही कमी असते, तर मात्र एक किलोमीटरही चालवायची नसते. ही दोन्ही लक्षणे आमच्याकडे नव्हती.

मामाजींचा आग्रह होता की वायसरांसकट चकत्या परत घालाव्यात, काटा चाळीसवर दिसावा. मिस्त्रींनी वयाचा मान राखून पण ठामपणे सांगितले, "मामाजी, काटा चढवून देतो. इंजिन नाई चढनार." दोन वायसर बाहेरच राहिले. ते आता आमच्या देवघराच्या खणात काडेपेटीजवळ आहेत. कोणी ठेवले ते मी विचारले नाही.

सगळे जोडून, गाडी व्याहाडपर्यंत नेऊन तापवून आणली. उभ्या गाडीत बारा पौंड, रस्त्यावर बत्तीस. पडद्याचा संच, तेल, पॅकिंग आणि मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी मिळून सहा हजारांच्या आत काम झाले. मजुरी ते कमी सांगत होते, ती मी वाढवून दिली. यांनी या वेळी माझ्याकडे कसे पाहिले ते लिहीत नाही.

पासष्ट हजारांचे काम टळले असे मात्र समजू नका. बेअरिंग आज ना उद्या करावे लागणारच. दोन वर्षे, फार तर तीन, असे मिस्त्री म्हणतात. त्यासाठी धानाच्या पैशांतून वेगळी रक्कम ठेवायची असे यंदा ठरले आहे आणि तो डबा मामाजींच्या कपाटात आहे. माझ्या आवर्ती ठेवीला कोणी हात लावायचा नाही, हे त्यांनीच सर्वांसमोर सांगितले. जेवताना बोलू लागल्यावर त्यांचे हे पहिलेच लांब वाक्य.

माझ्या वहीत आता दुधाच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आहे. दर रविवारी पट्टी काढून तेलाची खूण पाहायची, वास घ्यायचा आणि गरम इंजिनाचे दोन आकडे लिहायचे, उभे असतानाचा आणि रस्त्यावरचा. मुलगी आकडे वाचते, मी लिहिते. गेल्या रविवारी अकरा आणि एकतीस होते. एका पौंडाचा फरक उन्हामुळे की झिजेमुळे, ते पाऊस पडल्यावर कळेल.

बी.एड.च्या सीईटीचा अर्ज भरून झाला आहे. केंद्र चंद्रपूरला मागितले आहे. मामाजींनी परस्पर ठरवून टाकले की सूनबाईला जीपनेच न्यायचे. हे म्हणतात बसने जा. मी दोघांनाही सांगितले आहे, आदल्या रविवारचा रकाना पाहून ठरवू.